पिशवी संपली

कुडाळहून निघाले तेव्हा आईने विचारलं होतं,
"थंय सगळा गावता मां?"
सगळा म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाच ठाऊक.
मग एक रात्र, एक दिवस, वर तासभर काळीपिवळी,
आणि मी बोरखडीची शाखा डाकपाल:
एक शिक्का, एक तराजू,
पार्बताबाई ढोक्यांच्या घरातली पुढची खोली.

गावात मेडिकल एकच, दिवाकर गुल्हान्यांचं.
बाकड्यावर कायम चारजण,
कापसाचा भाव, कुणाची सोयरीक, कुणाचं पोट.
मी आत शिरले की भाव थांबतो.
"काय पायजे जी मॅडम?"
"पॅरासिटामॉल," मी म्हणते.
मग चिकटपट्टी. मग ओआरएस.
मग बाकडं रिकामं होईल या आशेवर
आणखी एक पॅरासिटामॉल.
(सात महिन्यांत माझ्या खोलीत
अख्ख्या गावाचा ताप उतरेल एवढ्या गोळ्या जमल्या.)
शेवटी मी मागच्या फळीकडे बघते, नुसतं बघते,
आणि दिवाकरभाऊ, भला माणूस,
पाठमोरा होतो,
पेपरात गुंडाळतो, वर दोरा,
वर काळी पिशवी, पिशवीला गाठ,
गाठीवर गाठ.
चोरीचं सोनंही कुणी इतकं जपून बांधत नसेल.

पण बोरखडीत कांदे पांढऱ्या पिशवीतून जातात,
खत गोणीतून, मटण डब्यातून.
काळ्या पिशवीतून एकच वस्तू जाते.
तिसऱ्या महिन्यापासून शेजारची पोट्टी
मला पाहून विहिरीवर सरकून उभी राहायची,
मी घागर खाली ठेवायच्याही आधी.

फेब्रुवारीतला तो मंगळवार.
दिवाकरभाऊंनी खालचा खण उघडला, बंद केला.
"पिशवी संपली जी. उद्या या."
"वस्तू आहे ना?"
"वस्तू हाय. पिशवी नाई."
"तशीच द्या."
ते घाबरले. खरंच घाबरले,
जणू मी गल्ल्याची किल्ली मागितली.
"तशी कशी देऊ? लोक काय म्हनतीन मले?"

मले.
सात महिने मी समजत होते, लोक मला म्हणतील.

पोटात कळ उठली होती, तिला उद्या कळत नव्हता.
पंचेचाळीस रुपये ठेवले, काउंटरला वळसा घातला.
फळी एवढी उंच वाटायची,
माझ्या खांद्याला लागत होती.

हातात गुलाबी पाकीट, उन्हात चमकणारं.
पानठेल्यावरच्या पाच माना एकदम खाली गेल्या.
एकाला चपलेत काटा सापडला, एकाला मोबाईल.
लाज निघाली होती माझ्याच नावे,
पत्ता चुकला,
तिथेच उतरली.

पार्बताबाई ओसरीत तूर पाखडत होत्या.
"पिशवी कुठी हाय?"
"संपली."
सूप थांबलं.
त्या चार दिवसांत माझा तांब्या वेगळा मांडणाऱ्या बाईने
पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं,
आकडे तेवढे वाचले.
"पंचेचाळीस? आन किती हायेत याच्यात?"
"आठ."
बोटांवर हिशोब झाला.
मग त्या गोठ्याकडे बघत राहिल्या,
जिथे पऱ्हाटीच्या ढिगामागे, उन्हाकडे पाठ करून,
त्यांच्या सुनेची फडकी वाळतात.
"आमच्या छबूले जमन का हे?"
"जमेल."
सूप पुन्हा हललं. फोलपटं उडाली.

मी खोलीचं दार लोटत होते तेव्हा मागून आवाज,
रोजचाच, जरा खाली आणलेला:
"पन लोनच्याच्या बरनीले शिवजो नोको, बाप्पा."

बरणी माझ्याच खोलीत असते, उशाच्या फळीवर.
सात महिने आम्ही दोघी
एकमेकींना न शिवता
एका छपराखाली झोपतोय.