अक्रोडाचं पाणी

ऑक्टोबरात अक्रोड पडू लागले
की रात्रभर गोठ्याच्या पत्र्यावर कुणी दार वाजवल्यासारखं.
सकाळी ऑर्लंडकाका बादली घेऊन निघायचा,
मी मागे गोणपाट फरफटत.
ओझार्कचे काळे अक्रोड, वरची हिरवी साल अजून ओली.
अळ्या असल्या तरी घे, म्हणायचा,
अळ्याही रंग सोडतात.

नव्या सापळ्यांना दुकानाचा वास असतो, तेलाचा.
तो आधी राखेच्या पाण्यात उकळून काढायचा,
मग कुंपणाच्या तारेला टांगून
पंधरा दिवस दवात सोडायचे, गंज येईपर्यंत.
चांगलं लोखंड मुद्दाम गंजवायचं?
काका म्हणाला, गुळगुळीतावर काही टिकत नाही,
ना रंग, ना शहाणपण.

मग अर्धं कापलेलं पिंप, खाली ओकच्या ढलप्या,
पिंपात सालींचा काढा,
वर मूठभर सुमॅकची लाल बोंडं.
ती कशाला, हे त्याच्या बापानं त्याला सांगितलं नव्हतं,
म्हणून त्यानंही मला नाही.
वाफ इतकी तुरट
की जीभ नुसत्या वासानं टाळूला चिकटायची.
साखळीला धरून एकेक सापळा आत.
रात्रभर झाकण.
पहाटे वर काढला तर काळाही नसायचा धड.
ओल्या पाचोळ्याच्या खाली जी सावली असते
तिचा रंग.

शेवटी मेणात बुडी,
आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही.
कोल्ह्याच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं, काका सांगायचा,
नाकाशी खोटं बोलून बघ.

उरलेलं पाणी डेल्फियाकाकूचं.
आधी ती त्यात लोकर बुडवायची
(माझे सगळे मोजे सापळ्यांच्या रंगाचे होते),
मग आम्हाला हाकलून, दाराला कडी घालून,
आपले केस.
रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर
बायका एकमेकींना कोपर मारायच्या.
मिसेस स्टकी एकदा मोठ्यानंच म्हणाली,
कुणाला पकडायचंय गं या वयात?
काकूनं मान वळवली नाही.
पकडायचं नाही कुणाला, म्हणाली.
एक जण हुंगत येतोय, त्याला चुकवायचंय.

तो एप्रिलात आला.

पेटीत ती निजलेली, भांगापासून पांढरं,
त्यापुढे अक्रोडाचं.
काकानं आपली बोटं आडवी धरली भांगाशी,
सगळ्या माणसांदेखत,
आणि मोजलं: चार.
ऑक्टोबरपासून बरोबर आहे, म्हणाला,
आणि टोपी शोधू लागला. टोपी हातातच होती.

त्या वर्षी कातड्यांचा भाव इतका पडला
की व्यापारी गावात फिरकलाच नाही.
काकानं ओढ्यावर एकही सापळा लावला नाही.
तरी अक्रोड पडले, आणि तो बादली घेऊन निघाला.
बावीसच्या बावीस उकळले,
रंगवले, मेणात घातले,
मागच्या सीडरला टांगले. वाऱ्यात साखळ्या वाजत.
पिंपातलं पाणी ओतू का? मी विचारलं.
राहू दे.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री बर्फ भुरभुरला.
सकाळी पिंपाभोवती पावलं, कोल्ह्याची,
एक अख्खी फेरी,
मग सरळ रेषेत टेकडीकडे.
काका गुडघ्यावर बसून किती तरी वेळ बघत होता.
मी पाण्यावरची पापुद्र्याएवढी खापरी फोडली,
हातमोजा काढला
आणि मनगटापर्यंत हात आत घातला.
त्यानं पाहिलं. ओरडला नाही.

नाताळापर्यंत नखं तशीच.
शाळेत मिस पर्डमनं पट्टीनं बोटं उलटी केली,
कसला मळ हा? साबण नाही घरी?
साबणानं जात नाही, मी म्हटलं.
वाढून जावं लागतं.