सतरा नंबरची मेमरी

रविवारी रात्री सतरा नंबर म्हणाला: जागा नाही.
म्हणाला म्हणजे पेंडंटवर एक लाल ओळ आली
आणि तिच्याखाली आकडा. शिल्लक, चार किलोबाइट.
एवढ्यात एक दरवाजाही जोडता येत नाही.
सोमवारी सहाला नव्या मॉडेलचे दरवाजे येणार,
त्यांचे प्रोग्रॅम माझ्या खिशात, कार्डावर,
आणि आत घरभर जुनं बिऱ्हाड.

बाहेर वाह नदी नावाला जागत
बर्फाखालून वाहते आहे.
आत मी, थर्मासमधला काळा चहा,
आणि एक केशरी हात, अर्धवट उचललेला,
उत्तर ठाऊक नसताना वर्गात उचलावा तसा.

आधी बॅकअप.
हे मला कुणी शिकवलं नाही.
नोकरीच्या पहिल्या वर्षी नऊ नंबरची बॅटरी बदलली, वीज बंद करून,
आणि सगळ्या जोडण्या, सगळे कोपरे
एका घोटाएवढ्या वेळात विसरलं ते यंत्र.
ब्रेझानीबाई ओरडल्या नाहीत.
खुर्ची ओढून शेजारी बसल्या, अकरा तास,
मी एकेक बिंदू परत शिकवत असताना.

जुनी केबल, जुना वेग.
फायली येतात पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्यांसारख्या,
मध्येच थांबून गुडघा चोळत.
नाव आठ अक्षरांच्या आत हवं.
आमच्या अक्षरांच्या डोक्यावर छोट्या टोप्या असतात,
कंट्रोलरच्या दारात त्या काढून ठेवाव्या लागतात.
तर ही बोडकी मंडळी:
चाचणी, चाचणी१, चाचणी२, शेवट, शेवट२,
बिजागर, बिजागरब, मिलका.
मिलका कोण, विचारायची सोय नाही.
पुसलं. पुसलं. तिलाही पुसलं,
कार्डावर ती आहेच.

मग एक आलं: नेमाझात. म्हणजे, पुसू नका.
आत पहिल्या ओळीत एका शब्दाची टीप. खांब.
पुसून पाहिलं. यंत्र म्हणालं, वापरात आहे.
अकरा प्रोग्रॅम त्याला हाक मारतात.

दहा टक्के वेगावर चालवलं.
हात खाली आला, निम्म्यात थबकला,
कोपर आत घेतलं, मनगट वळवलं,
आणि गर्दीतून उकळत्या दुधाचं भांडं न्यावं
तसा कशाला तरी वळसा घालून पलीकडे गेला.
मी टॉर्च मारली.
हवा होती.

वेंदेलीन कुखारिकला फोन लावला.
निवृत्त झाल्यापासून तो रायेत्सला मधमाश्या पाळतो.
“खांब? तो पाडला की, नवं छत घातलं तेव्हा.”
“मग हा वळसा?”
“काढणार होतो. तेव्हा जागा होती, वेळ नव्हता.
आता वेळच वेळ. माश्याही झोपल्यात.”
थोडं थांबून, “किती जातात गं त्यात?”
“दीड सेकंद.”
“बावीस वर्षं,” तो म्हणाला
आणि गुणाकार करत बसला असावा,
कारण फोन ठेवला नाही त्यानं,
नुसता श्वास येत राहिला.

मी वळसा कार्डावर ठेवला, त्याच नावानं.
कंट्रोलरमध्ये सरळ रेघ: दोन बिंदू, तीन ओळी.
पूर्ण वेगात हात तिथून आरपार गेला
तेव्हा दचकले ती मीच.
शिल्लक, दोनशे बारा. नवे दरवाजे आत घेतले.

पाचला ब्रेझानीबाई आल्या, ओले बूट, कागदात पाव.
दारापासून माझ्याकडे येताना
जाळीशेजारी डावीकडे वळल्या, दोन पावलं,
आणि परत रेघेवर.
त्यांच्यामागून ट्रॉलीवाला मुलगा, तसाच.
मी काही बोलले नाही, कॉफी आणायला निघाले.
सहा वर्षांची नोकरी माझी, तो खांब मी पाहिलेला नाही.
फरशीवर एक गोल आहे, बाकीच्याहून जरा फिकट.
कपाच्या मशीनपाशी पोचल्यावर लक्षात आलं,
मी त्याला वळसा घालून आले होते.