रांगेत पहिला

ओक्ताव बेसनार, वय अडुसष्ट.
कामाला निघाला तेव्हा कोटाच्या एका खिशात स्टेथोस्कोप,
दुसऱ्यात सुकवलेले आलुबुखार, पोट साफ राहावं म्हणून.
"हे शेवटचं," म्हणाला.
मी हसलो नाही. हे वाक्य त्याच्या तोंडून
मी तिसऱ्यांदा ऐकत होतो, पण या खेपेला
त्याच्या बुटाची नाडी मी बांधली होती.

रुआँ. फेब्रुवारी. नदीवरून धुकं असं चढलेलं
की पुलावरचे दिवे कुणी चघळून थुंकल्यासारखे.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
त्याच्या मनात त्या रात्री फक्त गुडघा होता.

गहाणपेढीची मागची भिंत, सात फूट.
पोत्यासारखा वर ढकलला त्याला.
पलीकडून एक शिवी आली,
मग काहीच नाही.
मी गाडीत. काच खाली, इंजिन बंद.
चाळीस मिनिटं म्हणाला होता.
दीड तासानं मी भिंत चढलो.

तिजोरी सताड उघडी
आणि समोर कारकुनाच्या खुर्चीत ओक्ताव,
कानांत नळ्या, हनुवटी छातीवर,
घोरत.

भोवती फळ्यांवर अख्खं शहर निजलेलं:
चिठ्ठ्या बांधलेल्या गाद्या, लग्नातल्या चादरी,
अकॉर्डियन, शिवणयंत्रं,
एका लहान मुलाचे, फक्त रविवारी घातलेले बूट.

हलवलं तर विचारतो, "किती वाजले?"
मग हळूच, "डावा कान गेलाय रे.
बोटांनी ऐकावं लागलं."
बोटं दाखवली. थरथरत होती.
काम करताना नव्हती थरथरत, म्हणाला.
मी मान डोलावली.

गाद्या, बूट, कशाला हात लावू दिला नाही त्यानं.
फक्त नोटा, आणि व्यापाऱ्यांची सोन्याची नाणी.
पिशवी भरली, जड झाली,
आणि भिंतीपाशी हिशेब उघडा पडला:
एका खेपेला एकच. पिशवी, नाहीतर तो.

"पिशवी," तो म्हणाला, मी तोंड उघडायच्या आत.
"मी कुठं पळून जातोय?"

पिशवी गाडीत टाकली आणि कोपऱ्यावर
सायकलीचा दिवा. पोलीस.
मी गाडी चालू केली.
(हे मी कुणालाच नीट सांगत नाही.
एक फेरी मारून येतो असं मनाशी म्हणालो, खरं आहे,
पण फेरी बंदरापर्यंत गेली
आणि तिथं मी बराच वेळ
पिशवीच्या बंदाकडे बघत बसलो.)

परतलो तेव्हा आठ वाजून गेलेले.
पेढीच्या पायऱ्यांवर रोजची रांग:
शाली गुंडाळलेल्या बायका, कुणाच्या काखेत घड्याळ,
कुणाच्या पिशवीत नवऱ्याचा हिवाळी सूट.
आणि सगळ्यांच्या पुढे, पहिल्या नंबरावर,
हातात गहाणाची जुनी चिठ्ठी धरून
ओक्ताव बेसनार.
त्या इमारतीतून तो बाहेर कसा आला
ते मरेपर्यंत सांगितलं नाही त्यानं.

नऊला दार उघडलं. नऊ-पाचला किंकाळी.
मग शिट्ट्या, वह्या, प्रश्न.
इन्स्पेक्टरनं रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारलं,
"आजोबा, कुणाला बघितलंत?"
"साहेब, मला माझाच नंबर दिसत नाही."
मागच्या बाई चिडल्या, "म्हाताऱ्याला कशाला छळता,
पहाटेपासून उभे आहेत बिचारे!"
त्यांनी त्याला बसायला स्टूल आणून दिलं.

गाडीत बसल्यावर त्यानं पिशवीकडे पाहिलं नाही.
माझ्याकडे पाहिलं.
"बंदरावर थंडी होती?"
माझ्या बुटांना ओली वाळू लागली होती.
आलुबुखार पुढे केला. मी घेतला.

एप्रिलमध्ये तो पुन्हा त्याच रांगेत उभा राहिला,
या वेळी शेवटून दुसरा,
आणि बायकोचा तपकिरी कोट सोडवून आणला.
अकरा वर्षांचं व्याज,
पै न् पै,
त्यांच्याच नोटांत.