सुटलेलं पान

पणजीहून आलेल्या खोक्यात ऋतूंचं असं एकच पुस्तक,
पुठ्ठ्याची कड कुणीतरी आधीच चघळलेली.

मी पान उघडते. घरावर पांढरं,
झाडांवर पांढरं, कुंपणावरही पांढरं.
"हा हिवाळा," मी सांगते.
स्वेटर नसलेली अकरा मुलं बघत राहतात.

मग गौतमी, जिची आय आगरात राबते,
चित्रावर बोट टेकवते. "बाई, हें मीठ."

मीठ नव्हे गं, बर्फ.

"बर्फ पेटयेंत आसता, मासळेवांगडा.
हें मीठ. आय रास घालता, तेन्ना पांय भाजतात."

खिडकीबाहेर आगरवाड्याच्या राशी,
मार्चचं ऊन, डोळे उघडवेनात.

पुढच्या पानावर लाल पानं.
शंभा उठून पळालाच,
शाळेमागच्या बदामाखालचं एक घेऊन आला,
तळव्याहून मोठं, तांबडं, अळीनं कोरलेलं.
चित्रावर ठेवलं.
चित्र दिसेनासं झालं.

मुलं गेल्यावर मी ब्लेडनं शिवण उसवली.
पांढरं पान वैशाखात नेलं,
लाल शिमग्याला टेकवलं.
काजूच्या बोंडांना पान नव्हतंच,
किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांनाही नव्हतं;
तिथं हजेरीवहीतले कोरे कागद,
गोधडीचा दोरा.

एक पान उरलं.
टोपीवाला बर्फाचा माणूस, गाजराचं नाक.
कुठं शिवावा कळेना.

सकाळी गौतमीनं त्याला नीट न्याहाळलं.
"हो मिठाचो राखणदार," म्हणाली,
"पावसाआदीं ताका
झावळांनी धांपूंक जाय."