डावं चॅनल

खोक्यावर छापलंय बाराशे वॉट.
फ्यूज तीसचा.
चौदा व्होल्ट गुणिले तीस, चारशे वीस.
आकडा आपणहून आला, मी काही म्हटलं नाही.
त्यातलं निम्मं नुसतं तापण्यात जाणार.
सत्तर फूट रोडवर, एप्रिलात, दुपारी दोनला
तापायला ॲम्प्लिफायर कशाला लागतो?

मल्लेशम बिंगी स्टुलावर टेकलेत.
बाहेर त्यांची ओम्नी, शाळेची, पिवळी.
भंगारातनं अठराशेला उचललाय हा डबा.
"चांगलाय का तेवढं सांग पोरी.
गोड बोलू नको."

चार-चार ओहमचे दोन रेझिस्टर
पाण्याच्या बादलीत बुडवले.
नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, म्हणून पाणी तेच,
आधीच्या तीन गिऱ्हाइकांनी कोमट केलेलं.
स्कोपच्या हिरव्या पडद्यावर लाट सोडली, वाढवत नेली.
उजवीकडं सत्तर वॉटला तिचा माथा उडाला,
चादरीच्या दशा कात्रीनं एका रेघेत कापाव्यात तसा.
त्यापुढं नुसता गोंगाट.
डावीकडं अडुसष्ट.
दोन वॉटांचा फरक कानाला कळत नाही.
वहीत लिहिते तरी.

मग काहीच न वाजवता ऐकायचं.
पंखा बंद, शटर अर्धं खाली,
बिंगींनाही सांगितलं, श्वास जरा हळू.
उजवा स्पीकर: कढईत शेंगा तापू लागल्याची बारीक सरसर.
चालेल.
डावा: त्याच सरसरीखाली एक घुंऽऽ,
भिंतीपलीकडं कुणी आजारी निजलेलं असावं तसा.

शेवटी माझी टेप. गाणं नाही.
आमच्या शेडमधले माग विकले
त्याच्या आदल्या दिवशी दोन माइक लावून घेतलेला
पाच नंबरचा माग.
धोटा डावीकडनं सुटतो, उजवीकडं आदळतो, परत फिरतो.
ॲम्प्लिफायर खरा असला
तर दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत
कापड वाढताना ऐकू येतं.

वाढत होतं.

बिंगींनी मान वर केली.
"पिकिंग ढिलंय याचं. धोटा उशिरा पोचलालाय."
बरोबर होतं. बाबाही तेच म्हणायचे.
थोड्या वेळानं:
"पण जागच्या जागीच आदळलालाय की. असं कसं?"

मी टेप थांबवली नाही.
एकोणतीस वर्षं मागाकडं डावं अंग करून
उभा राहिलेला माणूस.
डाव्या कानाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नव्हतं,
मीही विचारलं नव्हतं,
आणि एका कानाला दिशा नसते.

"काका, दोन्ही चॅनल जोडून एक करून देऊ?
ब्रिज म्हणतात. आवाज दणदणीत,
आणि एक स्पीकर वाचेल तुमचा."

"नको."
खिशातल्या गाडीच्या किल्लीशी जरा चाळा केला.
"डावीकडं राजव्वा बसत्या की गं."

पोरांना चढवायला, उतरवायला, दप्तरं मोजायला.
राजव्वा जन्मभर बिड्या वळत आली.
तेंदूच्या पानाला आवाज नसतो.
तिचे दोन्ही कान
नवेच्या नवे राहिलेत.

झाकणाचे आठ स्क्रू काढले.
डाव्या इनपुटपाशी एक टाका सुकलेला,
वरून चकचकीत, आत सुटलेला.
जुनं कथील ओढलं, नवा टाका घातला, फुंकर मारली.
घुंऽऽ गेला.
खात्री करायला पुन्हा शटर खाली घेतलं.

चिठ्ठीवर लिहून दिलं:
बाराशे नाही. उजवं सत्तर, डावं अडुसष्ट.
अर्ध्याच्या वर वाढवू नये.
डावं आता स्वच्छ.

त्यांनी चिठ्ठी वाचली, चार घड्या घातल्या,
टाक्याचे चाळीस रुपये मोजले,
आणि बादलीकडं बघून म्हणाले,
"हे पाणी टाकणार असशील तर दे,
गाडी सकाळपासनं तहानलीय."