उजव्या दंडाची आतली बाजू

पहाटे चार वाजून दहा मिनिटं.
ग्रिम्स्बीच्या बंदरावरचे दिवे अजून पेटलेले,
आणि एडना ब्लँचर्डची बाही सरकवताना
मला दिसल्या चार बोटांच्या खुणा,
जांभळ्या, कडेला पिवळट होत आलेल्या.
आतल्या बाजूला अंगठा.

म्हातारी कातडी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
टॉवेल जरा जोरात लागला तरी काळीनिळी पडते,
त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू आहे,
हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं.
मग माझा हात त्या खुणांवर धरला, न टेकवता.
माझी बोटं आखूड पडली.

एवढ्या लांब बोटांची एकच बाई आहे आमच्यात.
ग्लेनिस.
माझ्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात
जिनं लेकीचा कोट आणून दिला मला,
खिशात हातमोजे घालून, काही न बोलता.
बस चुकली की घरापर्यंत सोडते.
या आठवड्यात तिनं चार दुहेरी पाळ्या केल्या,
कारण कुणी आलंच नाही.
कुणीच येत नाही.

एडना तरुणपणी जाळी विणायची,
घरामागच्या अंगणात, भिंतीतल्या खुंट्यांना ताणून,
आइसलंडकडे जाणाऱ्या ट्रॉलरांसाठी.
तपासनीस येऊन जाळं ओढून बघायचा,
सैल गाठ सापडली की पैसे कापायचा.
अजून तिची बोटं पांघरुणाच्या काठावर
नसलेल्या सुताला गाठी मारत असतात.

रुतेंडो तिच्या तोंडात बसत नाही,
म्हणून मी रुथ.
"रुथ, कुणाला सांगणार नाहीस ना?
मीच उठत नव्हते गं, अंग टाकून दिलं होतं.
तिचा काय दोष?
ती चहात दोन चमचे साखर घालते.
बाकीच्या एकच घालतात."

प्रशिक्षणात शिकवलं होतं: गुप्ततेचं वचन देऊ नका.
तेव्हा ते पडद्यावरचं एक वाक्य होतं,
बाजूला बिस्किटांची ताटली होती,
मी वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली.
इथं ब्याण्णव वर्षांच्या बाईनं
माझं मनगट धरलं होतं
आणि मला वाटलं नव्हतं इतकी ताकद होती त्या हातात.

"एडना, हे मला पोटात ठेवता येणार नाही."

तिनं मनगट सोडलं.
भिंतीकडे तोंड केलं.

फॉर्मवर एक माणूस छापलेला असतो,
पुढून एकदा, मागून एकदा.
त्याला चेहरा नाही, वय नाही,
साखर किती हवी तेही त्याला कुणी विचारलेलं नाही.
त्याच्या दंडावर मी पाच ठिपके काढले,
मोजपट्टीनं सेंटिमीटर लिहिले.
कुणाचा संशय, का, कशामुळे, यातलं काही लिहायचं नाही;
फक्त जे दिसलं, आणि जे ऐकलं,
तिच्याच शब्दांत.
म्हणून मी साखरेचंही लिहिलं.

पेन थांबलं ते सहीपाशी.
माझा व्हिसा याच इमारतीच्या नावावर आहे.
मुतारेला आईच्या घराचं छप्पर अर्धं झालंय.
आणि तो कोट, तिकडे खुंटीवर.

मॅनेजरचा फोन वाजत राहिला.
मग मी स्वयंपाकघरात गेले. तिथल्या फळ्यावर
मंगळवारच्या मासे-बटाट्यांच्या खाली
चिकटवलेला कौन्सिलचा रात्रीचा नंबर
कित्येक महिने नुसता वाचत आले होते, तो लावला.
पलीकडचा माणूस जांभई दाबत होता,
पण त्यानं एडनाच्या आडनावाचं स्पेलिंग
दोनदा विचारून घेतलं.
ते मला बरं वाटलं, का कोण जाणे.

आता पावणेसात.
मॅनेजर निघाली आहे म्हणे.
मी अकरा नंबरच्या दारात खुर्ची टाकून बसलेय.
आत एडना माझ्याशी बोलत नाही.
चहा तसाच निवतोय, दोन चमच्यांचा.
बोटं मात्र चालू आहेत, एकेक गाठ ओढून बघत.

खाली गाडी लागली.
दिव्यांचा झोत छतावरून फिरून विझला.
गाडीच्या दाराचा आवाज मी ओळखते,
ते एकदा आपटून बसत नाही,
दुसऱ्यांदा आपटावं लागतं.