सतरंजीचं दुसरं टोक

ऐरोलीत, बालवाडीच्या हॉलचं कुलूप
रविवारी पहाटे मी उघडतो.
भिंतीवरचं कॅलेंडर काढून
त्याच खिळ्याला क्रूस लावतो.
खिळा ढिला आहे, कागदाची घडी खुपसावी लागते.
शेजारी क कमळाचा, ख खडूचा.
तो तक्ता राहू देतो. प्रभूला अक्षरांचं वावडं नसावं.

मग खुर्च्या. नव्वद. लाल पुढे, निळ्या मागे,
पाय हलणारी माझी, दाराजवळ.
रबाळ्याच्या कंपनीत माझ्या शिट्टीवर
चाळीस माणसं पाळी बदलायची.
आता मी माईकची वायर सोडवतो.

पाळक अनुग्रह काळोखे, वय चौतीस.
आमचा सुहास असता तर एवढाच.
उपदेशाआधी मागच्या खोलीत
लाकडी ठोकळ्यांच्या टोपल्यांमध्ये
तो उकिडवा बसतो, हात थरथरतात.
हे मला ठाऊक, आणि वर त्याला.
मी पाण्याचा पेला ठेवतो,
दाराला पाठ लावून उभा राहतो.
बाहेर विचारतात, साहेब कुठायत?
म्हणतो, प्रार्थनेत.
खोटं नाही ते.

ऑगस्टात मंडळीतले तिघे घरी आले.
चहा घेतला नाही, कागद पुढे केला.
कबरस्तानच्या कुंपणाचा निधी साहेबांनी
कुणाला न विचारता
दिघ्याच्या रत्नमाला लोंढेच्या ऑपरेशनला दिला होता.
बाई वाचली. तरी चूक ती चूकच.
"शांतवनमामा, तुमची एक सही.
लोक तुमचं ऐकतात."

पेन भारीतलं होतं.
हातात काय छान बसलं.
त्या रात्री मी स्वतःला पाहिलं
त्या टेबलामागे उभं,
आवाज खणखणीत, हात स्थिर.
बायको म्हणाली, झोपा आता.
खाडीकडून केमिकलचा वास येत होता.

गुहेत झोपलेल्या राजाचा गळा
एकाच्या हाताशी आला होता.
त्याने नुसता झग्याचा काठ कापला,
आणि तेवढ्यानेही त्याचं काळीज धडधडलं.
लहानपणी नगरला, आजोबांच्या मांडीवर
मला ही गोष्ट भित्री वाटायची.

सही केली नाही.
पण शनिवारी मागच्या खोलीचं दार लावून म्हणालो,
साहेब, तुम्ही चुकलात.
पैसा लोकांनी विश्वासाने ठेवला होता.
मंडळीपुढे उभे राहा, सांगा.
मी बाजूला उभा राहीन.
तो लाल झाला.
"मामा, तुम्ही खुर्च्या बघा."

खुर्च्या बघा.
रात्रभर हेच चावत बसलो.
प्रभू, धरून देणारा समोर बसला होता,
त्याचेही पाय तू धुतलेस,
बोटांच्या बेचक्यांतून पुसले असशील.
कसं जमलं तुला? मला सांग.
माझा तर फडक्यालाही हात जाईना.
सकाळी गेला.
नव्वद पुसल्या, त्याची सगळ्यांत आधी.

सांगायला त्याला आणखी तीन रविवार लागले.
सांगताना आवाज फाटला.
दोन घरं उठून गेली, ती अजून आलेली नाहीत.
मी बाजूला उभा होतो,
काही सुचेना म्हणून वायर हातात धरून.

सगळे पांगल्यावर सतरंजी ओढली.
मोठी आहे, एकट्याने घडी वाकडीच पडते,
इतकी वर्षं वाकडीच पडत आली.
त्याने कोट खुर्चीवर टाकला,
दुसरं टोक उचललं.
झटकली तशी खडूची धूळ उडाली,
दोघांनाही ठसका लागला.
टोकाला टोक लावायचं
तर दोघांनीही चालत यावं लागतं.
तो आला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली,
अजून थरथरत होती.
मग त्याने आपलं टोक माझ्या हातात दिलं
आणि स्टूल आणायला गेला.

क्रूस उतरवला. कॅलेंडर लावलं.
कागदाची घडी खिशात ठेवली,
पुढच्या रविवारी लागेल.